कौटुंबिक हिंसेच्या समुपदेशनाची तयारी: नव्या समुपदेशकांसाठी मार्गदर्शक

कौटुंबिक हिंसेच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून येणाऱ्या बहुतेकांकडे समाजकार्याची किंवा मानसशास्त्राची पदवी असते, आणि समोरच्याचे शांतपणे ऐकून घेण्याचा थोडाफार सरावही असतो. तरीही सुरुवातीच्या काळात अनेकांची गल्लत होते. एरवीच्या वैवाहिक समुपदेशनात दोघांमधला बेबनाव दूर करणे हे उद्दिष्ट असू शकते. इथे मात्र एकाच्या हातात दुसऱ्याला इजा करण्याची सत्ता असते, आणि समोर बसलेली स्त्री संध्याकाळी बहुधा त्याच घरी परतणार असते. म्हणून या कामात तिची सुरक्षितता आधी येते, तिचा निर्णय त्यानंतर येतो, आणि संसार टिकतो की मोडतो हा प्रश्न तिच्या निर्णयाच्या मागून येतो. हा क्रम अंगवळणी पडावा यासाठी प्रशिक्षण कसे घ्यावे आणि कोणत्या टप्प्यावर काय शिकावे, हे पुढे सांगितले आहे.

महाराष्ट्रात या कामाला चांगली परंपरा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसून हिंसाग्रस्त स्त्रियांसोबत काम करू लागल्या आणि पुढे ही पद्धत राज्यातल्या इतर जिल्ह्यांत पोचली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि सेहत या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र उभे केले. जखमेवर उपचार घ्यायला आलेल्या बाईला तिथेच, कोणाला वेगळे कारण न सांगता, समुपदेशकाशी बोलता यावे ही त्यामागची कल्पना होती. शक्य असल्यास प्रशिक्षणाच्या काळात पोलीस ठाणे आणि रुग्णालय या दोन्ही ठिकाणचे काम पाहावे, कारण एकच स्त्री या दोन जागी अगदी वेगळ्या रीतीने बोलते.

पहिली पायरी: स्वतःच्या समजुती तपासणे

आपण सगळे ‘भांड्याला भांडे लागणारच’, ‘टाळी एका हाताने वाजत नाही’, ‘मुलांकडे बघून सहन कर’ अशी वाक्ये ऐकत मोठे झालो आहोत. पदवीचा अभ्यास ती पुसून टाकत नाही. थकलेल्या दुपारी, तिसरी केस ऐकताना ती नकळत तोंडावर येतात. म्हणून प्रशिक्षणाच्या सुरुवातीलाच एक काम करावे. मारहाणीबद्दल आपल्या घरात, नात्यात, गावात जी वाक्ये बोलली जातात ती कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येक वाक्य मार खाल्लेल्या बाईच्या कानांनी पुन्हा वाचावे. गटात हा सराव केला तर तो अधिक उपयोगी पडतो, कारण जी समजूत आपल्याला साधे शहाणपण वाटते ती शेजारच्या सहकाऱ्याला खटकते आणि चर्चा सुरू होते.

यातच ‘ती सोडून का जात नाही’ हा प्रश्नही येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ सुमारे १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितल्याचे दिसले. आपल्यासमोर येणारी बाई या थोड्यांपैकी असते, आणि इथवर पोचण्यापूर्वी तिने माहेर, दीर-जावा, शेजारपाजार, कधी भावकीतली मोठी माणसे असे अनेक दरवाजे ठोठावलेले असतात. राहायला जागा नाही, हातात पैसा नाही, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे, मुलांची शाळा तिथेच आहे, ‘टाकलेली’ म्हणून जगावे लागेल याची धास्ती आहे, आणि सोडून गेलो तर तो जिवे मारील ही भीतीही आहे. ही शेवटची भीती अनेकदा पूर्णपणे खरी असते.

दुसरी पायरी: कायद्याचे व्यवहारी ज्ञान

समुपदेशकाने वकील व्हायचे नाही, पण समोरची स्त्री कोणत्या मदतीला पात्र आहे हे न चुकता सांगता आले पाहिजे. आधी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मुळातून वाचावा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा सर्व छळाला हिंसा मानले आहे. पत्नीसोबतच आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि विवाहासारख्या संबंधात एकत्र राहणारी स्त्री यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. कलम १७ प्रमाणे तिला सामायिक घरात, म्हणजे ती त्या नात्यात ज्या घरात राहते किंवा राहत होती तिथे, राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक घर असू शकते असे स्पष्ट केले. कलम १८ ते २२ मध्ये संरक्षण आदेश, निवासाचा आदेश, आर्थिक मदत, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई येतात, आणि तातडी असेल तर कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीचा तात्पुरता आदेश मागता येतो. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाची मदत देतो. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेबद्दल फौजदारी गुन्हा नोंदवायचा असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागते, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९८ अ म्हणून सर्वांच्या ओळखीचे होते. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. स्त्रिया आजही ‘४९८ टाकायची आहे’ असेच म्हणतात, त्यामुळे दोन्ही क्रमांक माहीत असू द्यावेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तर पहिल्याच भेटीत सांगावे, कारण वकिलाच्या फीच्या धास्तीने अनेक जणी मागे फिरतात.

कागदावरचे कायदे कळले की आपल्या जिल्ह्याचा नकाशा तयार करावा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी कोठे बसतात, हिंसाग्रस्त स्त्रियांना सगळी मदत एकाच जागी देणारे सरकारी सखी वन स्टॉप सेंटर कोणत्या आवारात आहे, निवारागृहात मुलग्यांना कोणत्या वयापर्यंत आईसोबत राहू देतात, सरकारी रुग्णालयात रात्री कोण असते, ही माहिती फोनवर न घेता प्रत्यक्ष जाऊन घ्यावी. रात्री साडेनऊला दोन मुलांना घेऊन उभ्या असलेल्या बाईला जो पत्ता आपण देतो, तो आपण स्वतः पाहिलेला असला पाहिजे. हेल्पलाइनचे क्रमांक पाठच हवेत: आणीबाणीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, कायदेशीर मदतीसाठी १५१००, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

तिसरी पायरी: पहिली भेट

प्रशिक्षणातला सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या भेटीत बाईला दोषी वाटले तर ती परत येत नाही, आणि मग आपल्याला ठाऊक असलेल्या कायद्याचा तिला काहीच उपयोग उरत नाही.

ती सहसा एकटी येत नाही. सोबत आई असते, भाऊ असतो, कधी शेजारची काकू असते, आणि बोलणे तीच मंडळी सुरू करतात. त्यांना आदराने बाहेर बसवावे. ‘आम्ही इथे प्रत्येकीशी आधी एकटीशीच बोलतो, मग तुम्हालाही आत बोलावतो’ असे नियम म्हणून सांगितले की कोणी वाईट वाटून घेत नाही. हे करण्याचे कारण असे की माहेरची माणसे प्रेमाने आलेली असली तरी त्यांना काय हवे आहे आणि तिला काय हवे आहे यांत पुष्कळदा अंतर असते. भावाला गुन्हा दाखल करायचा असतो, आईला ती पुन्हा नांदायला जावी असे वाटत असते, आणि तिला फक्त काही दिवस मार थांबायला हवा असतो.

बोलणे सुरू होण्यापूर्वी गोपनीयतेबद्दल सांगावे आणि गोपनीयतेच्या मर्यादाही सांगाव्यात. तिचा जीव धोक्यात असेल तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर, आपल्याला गप्प राहता येत नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. हे आधी न सांगता नंतर कळवणे म्हणजे तिचा विश्वासघात होय.

प्रश्न कसे विचारावेत याचा सराव जोडीने करावा. एकाने स्त्रीची भूमिका घ्यावी, दुसऱ्याने समुपदेशकाची, आणि तिसऱ्याने फक्त प्रश्न शब्दशः टिपून घ्यावेत. अशा सरावात हमखास दिसणारा एक प्रसंग पाहा. स्त्री सांगते, ‘काल रात्री भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी ताट फेकलं आणि केस धरून भिंतीवर आपटलं.’ नवा समुपदेशक विचारतो, ‘ते दारू प्यायले होते का? तुम्ही उलट काही बोललात का?’ दोन्ही प्रश्न माहिती मिळवण्याच्या भावनेने विचारलेले असतात, पण पहिला प्रश्न दारूला जबाबदार धरतो आणि दुसरा तिला, आणि ज्याने आपटले तो मधल्या मध्ये सुटतो. त्याऐवजी असे म्हणता येते: ‘ताई, डोक्याला लागलंय का? चक्कर, उलटी असं काही होतंय का?’ आणि तिचे उत्तर ऐकून, आवश्यक तर डॉक्टरकडे पाठवण्याची व्यवस्था करून, मग विचारावे, ‘त्यानंतर काय झालं? मुलं कुठे होती?’ घटनेचा क्रम विचारला की कारणे, सबबी आणि आरोप बाजूला राहतात आणि तिची आठवण मोकळी होते.

तिने सांगितलेल्यावर आपला विश्वास आहे हे शब्दांत सांगणे आवश्यक आहे. ‘तुमची यात काही चूक नाही’, ‘तुम्ही सांगितलंत ते बरं झालं’ ही साधी वाक्ये आहेत, पण ती कित्येकींना आयुष्यात प्रथमच ऐकायला मिळतात. पुढे काय करावे हे मात्र लगेच सांगू नये. ‘तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?’ असे विचारून गप्प बसावे. या प्रश्नानंतरची शांतता नव्या समुपदेशकाला सहन होत नाही आणि तो स्वतःच पर्याय मोजू लागतो. ती शांतता राखण्याचाही सराव करावा लागतो, कारण स्वतःला काय हवे आहे हे विचारण्याची तिच्यावर कधी वेळच आलेली नसते.

लैंगिक हिंसेचा विषय ती बहुधा शेवटी काढते किंवा काढतच नाही. पहिल्या भेटीत खोदून विचारू नये, पण ‘नवऱ्याने मनाविरुद्ध जबरदस्ती करणं हीसुद्धा कायद्याने कौटुंबिक हिंसा आहे, त्याबद्दल बोलावंसं वाटलं तर कधीही बोला’ एवढे सांगून दार उघडे ठेवावे.

चौथी पायरी: धोका ओळखणे आणि सुरक्षिततेचा आराखडा

प्रत्येक भेटीत, अगदी नियमित पाठपुराव्याच्या भेटीतही, धोक्याचा अंदाज घ्यावा. मारहाण वाढत चालली आहे का, शस्त्र किंवा रॉकेल दाखवून धमकी दिली आहे का, गरोदरपणात मारले आहे का, तो सतत पाळत ठेवतो का, तिने नुकतेच घर सोडले आहे का किंवा नोटीस पाठवली आहे का, हे प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत. घर सोडल्यानंतरचा आणि कायदेशीर पाऊल उचलल्यानंतरचा काळ विशेष जोखमीचा असतो, त्यामुळे ‘बाहेर पडली, आता सुटली’ असे समजून पाठपुरावा सैल करू नये.

गळा दाबण्याविषयी वेगळे विचारावे, कारण स्त्रिया ते आपणहून सांगत नाहीत आणि सांगितले तरी ‘जरा मान धरली’ एवढेच म्हणतात. ज्याने एकदा गळा दाबला आहे त्याच्याकडून पुढे जिवाला धोका होण्याची शक्यता बरीच वाढते, हे या विषयावरच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. मानेवर वळ नसला तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज घोगरा झाला असेल, गिळताना दुखत असेल, श्वास लागत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा नकळत लघवी होऊन कपडे ओले झाले असतील, तर समुपदेशन तिथेच थांबवून तिला रुग्णालयात न्यावे.

आत्महत्येच्या विचारांबद्दलही थेट विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे, उलट विचारल्याने बोलायला वाट मिळते.

सुरक्षिततेचा आराखडा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांबरोबरच्या नमुना ५ मध्ये दिलेला आहे. तो भरायला शिकावे, पण त्यातल्या रकान्यांवर थांबू नये. तिच्या घराचा नकाशा तिच्याकडूनच काढून घ्यावा. भांडण पेटू लागले की स्वयंपाकघरात आणि कडी लागणाऱ्या खोलीत राहू नये, दाराजवळ राहावे. रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला किंवा निदान पत्रिका आणि फोटो यांच्या प्रती विश्वासाच्या घरी ठेवाव्यात. शेजारणीशी एक खूण ठरवावी, उदाहरणार्थ मुलगा दारात येऊन ‘आईने साखर मागितली आहे’ म्हणाला की तिने ११२ ला फोन करावा. मुलांना मध्ये न पडता बाहेर जाण्याचे शिकवावे. नवरा फोन तपासत असेल तर केंद्राचा क्रमांक कोणत्या नावाने जतन करायचा, तो पैशांचा हिशेब मागत असेल तर बसभाड्याचे पैसे कोठे ठेवायचे, हेही तिच्यासोबत बसून ठरवावे. आपण फोन करू तेव्हा पहिले वाक्य ‘आत्ता बोलता येईल का?’ हेच असावे, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे हे आधीच दोघींनी ठरवलेले असावे.

पाचवी पायरी: नवऱ्याशी आणि सासरच्यांशी बोलणे

या टप्प्यावर नव्या समुपदेशकांचा गोंधळ सर्वाधिक होतो, कारण ‘दोन्ही बाजू ऐकून घेणे’ हे आपल्याला न्यायाचे लक्षण वाटते. न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकाव्यातच, पण समुपदेशक न्यायाधीश नाही. कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाचे काम समेटाच्या दिशेने जाणारे असू शकते. हिंसेच्या तक्रारीवर काम करणाऱ्याचे काम वेगळे आहे, आणि या दोहोंची सरमिसळ स्त्रीच्या अंगाशी येते.

म्हणून तिची स्पष्ट संमती असल्याशिवाय नवऱ्याला बोलावू नये. बोलावायचे ठरलेच तर आधी त्याला एकट्याला भेटावे, आणि तिने खाजगीत सांगितलेली एकही गोष्ट त्याच्यासमोर उघड करू नये. एकत्र भेट ठरवण्यापूर्वी धोक्याचा अंदाज पुन्हा घ्यावा. एकत्र भेटीत ती मोकळेपणाने बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. भेटीनंतर दोघांनी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडावे, आणि दुसऱ्या दिवशी तिला फोन करावा.

न्यायदंडाधिकारी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, आणि अशा समुपदेशनासाठी २००६ च्या नियमांत जी पद्धत सांगितली आहे ती केंद्रातल्या रोजच्या कामातही पाळण्यासारखी आहे. त्या नियमांनुसार समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवण्याकडे असतो, प्रतिवादीने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, तशी हमी द्यायची असते, आणि केलेल्या हिंसेचे कोणतेही समर्थन त्याला समुपदेशनात मांडता येत नाही. ही शेवटची गोष्ट बैठक सुरू होण्याआधीच त्याला सांगायची असते. प्रत्यक्षात हे वाक्य कसे उच्चारायचे याचा सराव करावा: ‘तुमच्या घरात कोणत्या अडचणी आहेत ते मी नंतर ऐकेन. पण हात उगारण्याचं कारण काय होतं, यावर इथे चर्चा होणार नाही.’ आवाज चढवायचा नाही आणि माफीच्या सुरातही बोलायचे नाही.

हमीपत्र लिहून घेताना ‘नीट वागेन’, ‘सांभाळून घेईन’ अशी मोघम भाषा नको. मारणार नाही, शिवीगाळ करणार नाही, घरातून हाकलणार नाही, तिचा पगार काढून घेणार नाही, माहेरी फोन करायला अडवणार नाही, असे एकेक वर्तन लिहावे. तिच्याकडून ‘मी सासू-सासऱ्यांचा मान राखीन’ अशा अटी लिहून घेण्याचा आग्रह सासरचे धरतात. तो मान्य करू नये, कारण मग पुढचा मार त्या अटीच्या भंगाची शिक्षा म्हणून दाखवला जातो.

गावात काम करताना कधी कधी जातपंचायतीचा निवाडा आपल्या आधी झालेला असतो. निवाडा न मानल्यास वाळीत टाकण्याची धमकी दिली जात असेल, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा लक्षात ठेवावा. मात्र तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवावे.

घरातली इतर माणसे

पत्नीखेरीज वृद्ध आई-वडील, अविवाहित बहीण, अपंग मुलगी यांच्यावरही घरात अत्याचार होतात आणि ते आणखी झाकलेले राहतात. वृद्धांसाठी २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा आहे, ज्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वृद्ध आई बहुतेक वेळा मुलाविरुद्ध कागदावर सही करायला तयार नसते, तेव्हा तिला औषध, जेवण आणि खोलीची किल्ली यांबद्दल विचारावे. त्या उत्तरांतून छळाचे स्वरूप कळते. मुलांच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की हिंसा पाहणारे मूलही हिंसेने दुखावलेले असते, आणि त्याला आई-वडिलांमधला साक्षीदार म्हणून प्रश्न विचारू नयेत.

सहावी पायरी: नोंदी

नोंद तिच्या शब्दांत, तारीख आणि वेळेसह करावी. ‘पतीने वाईट वागणूक दिली’ यापेक्षा ‘उजव्या दंडावर लाटण्याने तीनदा मारले, असे तिने सांगितले’ ही नोंद पुढे न्यायालयात उपयोगी पडते. ‘स्वभावाने चिडखोर’, ‘अतिशयोक्ती करते’ असले शेरे लिहू नयेत. नोंद न्यायालयात मागवली गेली तर हेच शेरे तिच्याविरुद्ध वाचले जातात. कौटुंबिक घटना अहवाल, ज्याला कार्यालयांत सर्रास डी.आय.आर. म्हणतात, तो संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्था भरते. आपली संस्था नोंदणीकृत नसेल तर त्या स्त्रीला संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत घेऊन जावे, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नये.

सातवी पायरी: देखरेखीखाली काम

सुरुवातीला अनुभवी समुपदेशकाच्या भेटींत, स्त्रीची परवानगी घेऊन, केवळ बसून पाहावे. मग जोडीने भेटी घ्याव्यात, आणि एकटीने किंवा एकट्याने केस घेण्याची पाळी त्यानंतर यावी. दर आठवड्याला केसचर्चा असावी, आणि तीत ‘मी काय केले’ याच्याबरोबरच ‘मला काय वाटले’ हेही बोलले जावे. सतत अशा कहाण्या ऐकून झोप उडणे, घरच्या पुरुषांवर विनाकारण चिडणे, किंवा सगळ्याच केसेस सारख्या वाटू लागणे ही लक्षणे अनुभवी माणसांतही दिसतात, आणि ती वेळेवर सांगितली तर कामाचे वाटप बदलता येते.

यातले आणखी एक लक्षण म्हणजे परत गेलेल्या बाईवर राग येणे. तिने आपल्यासोबत बसून अर्ज लिहिलेला असतो, निवारागृहाची सोय झालेली असते, आणि दोन दिवसांनी ती नवऱ्यासोबत निघून जाते. तिने पर्याय तोलून, आज शक्य असलेला मार्ग निवडलेला असतो, आणि कायमचे बाहेर पडण्यापूर्वी अनेक जणी असे जाऊन येतात. ती पुन्हा आली की ‘सांगितलं होतं ना’ हे चेहऱ्यावरही दिसता कामा नये. आधीची फाइल काढावी, धोक्याचे प्रश्न पुन्हा विचारावेत, सुरक्षिततेच्या आराखड्यातले काय उपयोगी पडले आणि काय पडले नाही हे विचारून तो दुरुस्त करावा. आणि केस दुसऱ्या समुपदेशकाकडे किंवा संस्थेकडे सोपवावी लागली, तर तिच्या संमतीने सगळा पूर्वेतिहास आपणच लिहून द्यावा व पहिल्या भेटीला शक्य तर सोबत जावे, म्हणजे तिला तीच कहाणी नव्या माणसासमोर पहिल्यापासून सांगत बसावे लागणार नाही.